आतली नळी

"मावशी, खडा मोठा आहे. पाठीतून बारीक भोक पाडून फोडून काढू," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर किडनीतली लघवी थोडे दिवस वाहती ठेवावी लागते. एक तर पाठीतून नळी घालायची आणि बाहेर पिशवी लावायची. ती दोन-तीन दिवसांत इथंच काढून घरी सोडतो. नाही तर आतल्या आत नळी ठेवायची, किडनीपासून मूत्राशयापर्यंत. बाहेरून काही दिसत नाही. पण ती काढायला महिन्यानं पुन्हा लातूरला यावं लागेल. विसरून चालणार नाही."

"बाहेरची घाला," बसलिंगप्पांनी सांगून टाकलं. उदगीरच्या मोंढ्यात अडत चालवणारा माणूस, सौदा ठरवायला त्यांना कितीसा वेळ! "एकदाच काय ती कटकट मिटू द्या. ह्या दुष्काळात पुन्यांदा कोन येतंय इथं? रेल्वेनं पानी आनून पितंय तुमचं गाव. आमचं उदगीर जिल्हा होऊ द्या डॉक्टर, मग बगा. असली आपरेशनं तिथंच व्हतील. लातूरचं तोंड बगायची गरज न्हाई."

"आतली ठेवा," मल्लम्मा म्हणाली.

बसलिंगप्पांनी वळून बायकोकडं पाहिलं. आजवर नवऱ्यासमोर तिनं लुगड्याचा रंगसुद्धा स्वतःच्या तोंडानं सांगितला नव्हता.

"आगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला पाठीवर निजायची सवय हाय. नळी टोचंल."

"आतल्या नळीचाही त्रास असतो, मावशी," डॉक्टर समजावू लागले. "जळजळ होते. सारखं लघवीला जावं लागतं. काही जण महिनाभर बेजार होतात."

"व्हऊ द्या."

"बरं. काय ते आत गेल्यावर ठरेल, पण तुमचं म्हणणं लक्षात ठेवतो." डॉक्टर पुढच्या वॉर्डात गेले. बसलिंगप्पा पुटपुटत पाण्याचा जार आणायला खाली उतरले.

शेजारच्या खाटेवर अहमदपूरच्या भामाबाई होत्या. पाठीत नळी, पिशवी खाटेला टांगलेली. इतका वेळ त्यांनी तोंड कसं आवरलं होतं त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"काय बाई तरी तू! माझी बघ, उद्या नळी काढली की मी चालले घरला. आन् तू महिनाभर आग सोसनार?"

"सोसंन की."

"पोरीसाठी?"

मल्लम्मानं मान डोलावली. भामाबाईंपासून काय लपवायचं? परवा त्यांच्याच फोनवरून तर तिनं रुद्राणीला निरोप दिला होता. रुद्राणी, तिची एकुलती एक लेक, इथंच लातुरात राहत होती. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, एका बौद्ध मास्तराशी, आणि त्या दिवसापासून बसलिंगप्पांनी घरात तिचं नाव काढू दिलं नाही.

काल दुपारी ते खानावळीत गेले तेवढ्यात रुद्राणी धावत आली होती. घागरी टँकरच्या रांगेत शेजारणीच्या हवाली करून. कडेवर दीड वर्षाची पोर. मल्लम्मानं नात पहिल्यांदाच पाहिली. रुद्राणीचंच ठेंगणं कपाळ, तिच्याच भुवया. तिनं हात पसरले, तर पोरीनं आईच्या गळ्यात तोंड खुपसलं. ओढून घ्यायला गेली, तर पोरीनं वॉर्ड डोक्यावर घेतला.

"नवं मानूस बघून बुजतीया, अव्वा," रुद्राणी डोळे पुसत म्हणाली होती. "दुसऱ्या खेपेला बघ, आपनहून येती का न्हाई तुझ्याकडं."

दुसरी खेप! कालपासून मल्लम्माच्या डोक्यात तेवढंच होतं. उदगीर काय लांब आहे? तासा-दोन तासाची एसटी. पण नवऱ्याला काय सांगून एसटीत बसायचं? आणि आज तो डॉक्टर आपल्या तोंडानं म्हणाला, महिन्यानं यावंच लागेल, विसरून चालणार नाही. कुण्या देवानं त्याच्या तोंडून बोलावं तसं वाटलं तिला.

"भामाबाई, यवढ्याशा लेकराला महिनाभर ध्यान ऱ्हातंय का वो मानसाचं?"

"ऱ्हातंय की. न ऱ्हायला काय झालं?" भामाबाई म्हणाल्या, आणि उगाच आपल्या पिशवीकडं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑपरेशन झालं. संध्याकाळी मल्लम्मा पुरती जागी झाली, तेव्हा डॉक्टर हसत हसत खाटेपाशी उभे होते. बसलिंगप्पाही होते.

"मावशी, तुमच्यासारखं नशीब थोड्यांचं! सगळा खडा साफ निघाला. रक्तस्राव नाही, सूज नाही. असं क्वचित होतं. तुम्हाला नळीच लागली नाही."

"आतली?"

"आतली नाही, बाहेरची नाही. कुठलीच नाही."

मल्लम्माचा हात पोटावर गेला आणि तिथंच थांबला.

"म्हंजी परत यायचं न्हाई?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"कशाला? महिन्यानं एक सोनोग्राफी करा, ती उदगीरलाच होईल. रिपोर्ट मला फोनवर पाठवा. पाणी मात्र भरपूर पाजा यांना."

"बगा! मी काय म्हनत व्हतो? उदगीरलाच व्हतंय समदं!" बसलिंगप्पांनी खुशीत डॉक्टरांना हात जोडले.

मल्लम्माच्या डोळ्यांतून धारा लागल्या. भामाबाई नळी काढून दुपारीच घरी गेल्या होत्या, समजून घ्यायला तिथं कुणी नव्हतं.

"फार दुखतंय का, मावशी?" डॉक्टर वाकले.

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग सलाइन लावलेल्या हातानं त्यांची बाही धरली.

"डॉक्टर, नीट बगा की वो एकदा. एखादा बारका खडा ऱ्हायला आसंल."