वाफ, तेल की चहा

"यातलं सगळ्यात जास्त चढतं कुठलं?"

हिस्केने एकदाचं विचारून टाकलं. औषधाच्या दुकानाच्या काचेपलीकडे तिच्या मैत्रिणी रोस आणि मिर्ते एकमेकींच्या अंगावर कोसळून हसत होत्या. त्यांच्याशी लावलेल्या पैजेची अट होती, आवाज मोठा हवा. रांगेतल्या आजोबांनी वळून पाहिलं, म्हणजे पैज जिंकली.

काउंटरमागच्या बाई मात्र हसल्या नाहीत. खोकल्याचं औषध विचारल्यासारखी त्यांनी चिठ्ठी शांतपणे वाचली. चिठ्ठी हिस्केच्या बाबांची होती. पाठदुखीसाठी डॉक्टरांनी, तिथल्या कायद्याला धरूनच, गांजा लिहून दिला होता आणि कसा घ्यायचा ते 'दुकानात विचारून ठरवा' म्हणून सोडून दिलं होतं.

"वाफ ओढली तर काही मिनिटांत बरं वाटतं, पण दोन-तीन तासांत ओसरतं. जिभेखाली तेलाचे थेंब घेतले तर उशिरा लागू पडतं, जरा जास्त टिकतं. चहाला तास-दीड तास लागतो, पण रात्र निघते. दुखतं कधी?"

"रात्री. त्यांना आडवंच होता येत नाही. खुर्चीत बसून झोपतात." हे हिस्केने मैत्रिणींनाही कधी सांगितलं नव्हतं.

"मग चहा. सकाळी सुस्ती राहील हं. गाडीबिडी चालवायची नाही."

"गाडी नाही, जहाज. खडीचं. पहाटे पाचला सुटतं."

बाईंचं पेन थांबलं. "दुसरं कोण चालवतं?"

"कुणीच नाही. आई दोर सांभाळते. तिच्याकडे परवाना नाही."

बाईंनी गांजाची पुडी दिली आणि तिन्ही प्रकार कागदावर लिहून दिले. खाली एक ओळ लिहिली, 'औषध अंगात असेपर्यंत सुकाणू धरू नये', आणि तिच्याखाली दोनदा रेघ ओढली.

"काय म्हणाली गं? कुठलं?" रोसने बाहेर येताच विचारलं.

"चहा," हिस्के म्हणाली आणि सायकलवर टांग मारून निघाली.

"अगं, थांब तरी, शहाणे!" मिर्ते मागून ओरडली.

जहाज धक्क्याला लागलं होतं. त्यांचं घर जहाजावरच होतं; बाबा खालच्या स्वयंपाकघरात उभेच होते, बसलं की उठता येत नाही म्हणून.

"आली माझी शाळेत लॅटिन शिकणारी पंडिता! दाखव, काय नशा आणलीस बापासाठी?" त्यांनी कागद हात लांब करून वाचला. "हं. वाफ. दोन-तीन तासांत उतरते ना? मग ठरलं. रविवारी दुपारी ओढीन."

"आणि बाकीचे सहा दिवस?" आईने विचारलं.

"बाकीचे सहा दिवस पाठ आहेच की सोबतीला." ते हसायला गेले, हसू अर्ध्यात तुटलं आणि त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. आई बशी पुसत राहिली. बशी केव्हाच कोरडी झाली होती.

हिस्केने पातेल्यात पाणी ठेवलं, पुडी फोडली.

"आत्ता नको गं. उद्या पाचला सुटायचंय. कांपेनला खडीची वाट बघतायत."

पाणी पाव तास मंद उकळायचं होतं. तेवढ्यात हिस्के वर सुकाणूच्या खोलीत गेली आणि इंजिनाची किल्ली काढून घेऊन खाली आली. चहा गाळला. त्यात चमचाभर साय घातली; स्निग्धात औषध नीट उतरतं, असं बाईंनी सांगितलं होतं. कप बाबांपुढे सरकवला.

"आई, कांपेनला फोन कर. खडी सोमवारी येईल म्हणावं."

"हिस्के, किल्ली दे." बाबांचा आवाज चढला.

"आज शुक्रवार. दर शुक्रवारी आणि शनिवारी रात्री हा चहा घ्यायचा, बाबा. दुसऱ्या दिवशी जहाज बांधलेलं राहील." तिने किल्ली जीन्सच्या खिशात खोल सारली. "आणि सप्टेंबरपासून मी लॅटिन सोडून नाविकशाळेत जाणार आहे. परवाना मिळाला की मग रोज रात्री प्या."