दमानं ये

पावणेसात वाजले तरी अपेक्षाचा पत्ता नव्हता. महाळुंग्याच्या कंपनीची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. कितीही ट्रॅफिक धरलं तरी साडेपाचला पोरगी थेरगावात घरी हवी. फोन बंद. तिची आजी भिमाबाई पाचपासून दारात उभी होती. बाप साहेबराव गॅलरीतून जिन्यात आणि जिन्यातून गॅलरीत फेऱ्या मारत होता. आजोबा अण्णासाहेब खुर्चीत बसून टीव्हीकडं बघत होते. टीव्ही बंद होता.

"सकाळीच सांगायला पायजे होतं, की जरा लव..." साहेबराव म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. भिमाबाईनं नुसतं वळून बघितलं.

त्या घरात 'लवकर' हा शब्द छत्तीस वर्षं कुणी उच्चारला नव्हता.

छत्तीस वर्षांपूर्वी अण्णासाहेब एका वर्कशॉपात प्रेसवर होते. पत्रा सरकवायचा, वरून प्रेस पडली की नग तयार. साहेबराव तेव्हा शाळेत जाणारा 'सायबा' होता. एका सकाळी भिमाबाई दारातून म्हणाली, "आज लवकर या. सायबाला बूट घ्यायचेत." दुपारी अडीचला प्रेसनं अण्णासाहेबांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. माणूस घाईत होता, म्हणून गेली. आणि घाई आपल्या जिभेनं लावली, असं भिमाबाईनं दवाखान्यातच ठरवून टाकलं. अण्णासाहेब त्यावर कधी हो म्हणाले नाहीत, कधी नाही म्हणाले नाहीत. बूट राहिले ते राहिलेच.

तेव्हापासून जाणाऱ्याला 'दमानं ये' म्हणायचं आणि आलेल्याची बोटं दारातच मोजायची. गॅसवाल्याचीही सुटत नाहीत. तो बिचारा आता दोन्ही पंजे पुढं धरतो आणि बेल नाकानं वाजवतो. साहेबराव स्वतःच्या लग्नाला पोचला तेव्हा पाहुणे जेवून पानाला चुना लावत होते. नवरदेवाच्या पायात चपला होत्या. अपेक्षा दहाव्या महिन्यात जन्मली. त्यांचा कुकरसुद्धा शिट्टी द्यायच्या आधी भिमाबाईकडं बघतो, असं शेजारच्या शालनबाई सांगतात. शालनबाई कशाला खोटं बोलतील?

एवढं जपूनही अपेक्षाला नोकरी लागली ती नेमकी प्रेसवर. महिना झाला होता. सुपरवायझर 'लवकर' म्हणाला की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. आजोबांची जी प्रेस तिनं कधी पाहिली नाही, तिला घाबरून.

जिन्यात पावलं वाजली. अपेक्षा दारात आली. चेहरा उतरलेला. तिनं डावा पंजा पुढं केला.

"एक, दोन, तीन, चार, पाच." भिमाबाईनं मोजलं. "दुसरा."

उजवा हात जॅकेटच्या खिशातच होता.

"आजी, आधी आत तर येऊ दे."

"दुसरा हात दाव म्हणते ना!"

हात बाहेर आला. मूठ घट्ट आवळलेली. साहेबरावानं दाराची चौकट धरली. भिमाबाईनं एकेक बोट उलगडलं. पाचही जागेवर होती. तळहातावर काळ्या रबराची एक पट्टी होती, टायरच्या ट्यूबमधून कापलेली.

"माझ्या मशीनवर बांधली होती," अपेक्षा म्हणाली. "दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. पण कुणीतरी एक बटण या पट्टीनं आवळून ठेवलं होतं. एक हात मोकळा राहिला की नग जास्त निघतात. मी सोडून टाकली, तर माझे नग कमी भरले. पुरे होईस्तोवर थांबवलं मला. वर सुपरवायझर म्हणतो कसा, 'ताई, उद्या गपचूप बांध. सगळेच बांधतात.'"

अण्णासाहेब उठले. त्यांनी उरलेल्या तीन बोटांत ती पट्टी उचलली आणि उलटसुलट करून बघितली.

"माझी सायकलच्या ट्यूबची होती," ते म्हणाले.

भिमाबाई त्यांच्याकडं वळली.

"आठ महिने बांधून चालवत होतो. सगळ्यात जास्त नग माझे. बोर्डावर नाव लागायचं. त्या सकाळी तू काय म्हणालीस, ते माझ्या ध्यानातपण नव्हतं, भिमा."

"मग बोलला का न्हाई?"

"तूच दोष अंगावर घेतलास." अण्णासाहेबांची मान खाली गेली. "मला बरं वाटलं."

भिमाबाईनं त्यांचा हात हातात घेतला. तीन बोटं मोजली. पुन्हा मोजली. मग हात सोडून दिला आणि आत गेली. त्या संध्याकाळी घरात सगळ्यांना चहा मिळाला, अण्णासाहेब सोडून.

सकाळी पाचला अपेक्षा उठली तेव्हा भिमाबाई विळीवर बसली होती. पुढ्यात कोथिंबिरीसारखी बारीक चिरलेली रबराची पट्टी होती.

"आज परत बांध म्हणाले तर?"

"तर सांग, माझ्या आजीशी येऊन बोला. आन् त्याची बोटं मोजून घे."

अपेक्षा हसली. तिनं सॅक पाठीला लावली आणि सवयीनं उंबऱ्यात थांबली. भिमाबाई दारापर्यंत आली. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पुन्हा हलले. तोंडात ब्रश धरून साहेबराव जागच्या जागी थांबला. खुर्चीतल्या अण्णासाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"आज लवकर ये," भिमाबाई म्हणाली. "सायबाला बूट घ्यायचेत."