‘सरू’मधली शीळ

डॉक्टर सरोजने आईच्या तोंडात स्कॅनर फिरवला. पडद्याने विचारलं, ‘दोष दुरुस्त करायचे?’ तिने सवयीने ‘हो’ दाबलं. जुन्या दातांच्या जागी हिरडीत पेरलेले नवे दात तासाभरात मोगऱ्याच्या कळ्यांसारखे उगवून आले.

द्वारकाबाई आरशात पाहून हरखल्या. “सरू, नवरीच दिसते गं मी!”

सरोज दचकली. आईच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि ‘सरू’तला ‘स’ त्या फटीतून शीळ घालत यायचा. लहानपणी नदीकाठी दहा आया हाका मारायच्या, पण ती धावायची त्या शिळेमागे. यंत्राने फटीलाच दोष मानून ती बुजवली होती.

“आई, पुन्हा हाक मार.”

“सरू.”

“अजून एकदा.”

“अगं, पुढ्यात तर उभी आहेस! डॉक्टरीण असून बहिरी झालीस का?”

सरोजने पडद्याकडे जुनी फट मागितली. उत्तर आलं, ‘दोषांची नोंद ठेवली जात नाही.’

मग तिने दात घासायची बारीक कानस उचलली, आणि तिचा हात अडला.

“आई, फट केवढी होती गं?”

“मला काय ठाऊक, बाळा? मी नुसती हाक मारायचे. ऐकायचीस तर तू.”