राबाचा धूर

सापगावचे गुरुजी निवृत्त झाले, तसे औषधांचे पैसे सरकारकडून मिळेनासे झाले. दमा मात्र सोबत घरी आला. शेजारचा धाऊ चैत्रात भाताच्या रोपांसाठी कुंपणालगत पालापाचोळा जाळून राब भाजायचा आणि त्या धुरानं श्वासाचे महागडे पंप दुप्पट लागत. पेन्शन पुरेना, म्हणून यंदा त्यांच्या बायकोनं, प्रेमाकाकींनी, दुभती म्हैस विकायला काढली. दावं सोडलं, तोच धाऊ आला. “काकी, म्हैस नका इकू. पंपाला पैसे आमच्याकडं नाय, पन औंदाचा राब कालच भाजला, ओढ्यापल्याड. आला का धूर?” “अरे, मग पावसात सगळी रोपं डोक्यावर वाहून आणशील?” “आनीन की! शाळेत गुरुजी ओणवं करून पाठीवर दगड ठेवायचे. वझ्याची सवय हाय.” ओसरीवरचे गुरुजी पोट धरून हसले. काकी सवयीनं पंप घेऊन धावल्या, पण खोकला आलाच नाही.