तीन नंबरचा भोंगा

"आमच्या घराण्यात दिवसा आडवं होण्याची पद्धत नाही," सासऱ्यांनी जाहीर केलं आणि ते सुनेच्या पलंगावर पायथ्याशी बसले. त्यांच्या उजव्या गालावर उशीच्या अभ्र्यावरचं भरतकामाचं फूल पाकळ्यांसकट उमटलेलं होतं.

सून आडवीच होती. पंखा पाचावर होता. उकाडा वाढला की तिच्या अंगातली उरलीसुरली ताकदही निघून जाई, म्हणून तिनं चादर पायांवर ढकलून दिली होती.

जाहीर करणं हा सासऱ्यांचा पेशा होता. बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ते तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि गल्ली पुकारत. दूधवाला आला. शेजारीण निघाली. पोस्टमन आजही आपल्याकडे वळला नाही. ती खोली आता सुनेला हवी होती, कारण तिला जिना झेपत नव्हता. सकाळी मुलानं ही गोष्ट वडिलांच्या कानावर घातली आणि कामावर पळ काढला. म्हणून सासरे नकार द्यायला जिना चढून वर आले होते.

"काल तर चढलीस जिना. मी स्वतः पाहिलं."

"काल चढले, बाबा."

"मग आज काय, पायांची साप्ताहिक सुट्टी?"

"तसंच काहीसं. फक्त वार ठरलेला नसतो."

ती डोळे मिटून बोलत होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना "आता नीट दिसतंय ना?" विचारणाऱ्या या बाईला हल्ली एकाची दोन माणसं दिसत. नवऱ्याच्या बाबतीत तिनं ते चालवून घेतलं होतं. सासरे एक पुरेसे होते.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. शेकडो गावांची नावं एका दमात घेणारी सासऱ्यांची जीभ तिथे दोनदा घसरली, तेव्हा डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, मज्जातंतूंचा आजार. सासऱ्यांनी त्यातला फक्त पहिला अर्धा उचलला. "ज्या दुखण्याच्या नावातच मज्जा, त्याला खोली कशाला द्यायची?" हा विनोद गल्लीत बरा चालला होता. परवा शेजारीण भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "मज्जा आहे बाई तुझी."

सुनेनं कूस बदलायला डावा पाय ओढला. पाय आला नाही.

ती थांबली. पुन्हा ओढला. नाहीच. त्या पायाला महिनाभर स्पर्श कळत नव्हता, पण हलायला तो कधी नाही म्हणाला नव्हता. म्हणजे आता हाही गेला, तिनं मनात म्हटलं. रडायलाही अंगात जोर लागतो. डोळे मिटलेलेच होते, तेवढी सोय झाली.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

"दिसायला तर धडधाकट आहेस."

"डोकं सांगतंय, बाबा. पायही जागेवर आहे. मधल्या वायरीवरचं आवरण निघालंय. निरोप पोचत नाही. पोचलाच तर भलताच पोचतो. आणि हे सगळ्यांना सांगत बसायचं, त्यानं आणखी थकायला होतं."

'वायर' ऐकताच सासऱ्यांनी मान वर केली.

"तीन नंबर," ते म्हणाले.

"काय?"

"तीन नंबरच्या फलाटावरचा भोंगा. त्याची वायर उंदरांनी सोलली होती. मी केबिनमध्ये स्वच्छ बोलायचो आणि तिकडे नुसती खरखर. कधी नीट ऐकू जायचं, कधी गावाचं नावच बदलायचं. एकदा एक मुलगी भलत्याच गाडीत बसली. नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती गं. परत येऊन माझ्या काचेसमोर उभी राहिली. म्हणाली, काका, तोंडात काय होतं तुमच्या? साहेबांनीही तेच विचारलं. मी काय सांगणार? मला माझा आवाज ठणठणीत ऐकू येत होता."

"मग काय केलंत?"

"घसा फोडून ओरडायला लागलो. त्यानं वायर थोडीच दुरुस्त होते? घरी आलो की शब्द काढायचं त्राण नसायचं. तुझी सासू म्हणायची, बसून तर असता दिवसभर."

सून हसली. डोळे मिटूनच.

सासऱ्यांच्या गालावरचं फूल एव्हाना मावळलं होतं. त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि फार दिवसांनी स्टँडवरचा आवाज लावला.

"कृपया लक्ष द्या. खालची खोली आजपासून सूनबाईंची. खिडकीसकट. माझी खुर्ची वर येईल. या घरात यापुढे कुणीही तिला 'दिसायला तर बरी आहेस' म्हणणार नाही. तिला कुठे काय होतंय, हे सगळ्यांच्या आधी मला कळेल."

खाली गल्लीत एका सायकलवाल्यानं ब्रेक दाबून वर पाहिलं.

सुनेनं डोळे उघडले. पायथ्याशी दोन सासरे बसले होते आणि दोघांचेही डोळे भरून आले होते. तिनं एका डोळ्यावर हात ठेवला. एक सासरे उरले. ते बसले होते त्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सुटकेचा एक लांब श्वास सोडला.

"बाबा," ती म्हणाली, "खोलीचं बघू सावकाश. आधी जरा उठता का? माझा पाय तुमच्याखाली आहे."