दोन ओळींच्या मधे

मुलांनो, डोळे मिटा आणि भर दुपारची एक खोली मनात आणा. तिथे छकुली आणि तिचे बाबा आईचं गाणं ऐकत बसलेत. आई आता नाही. याच खोलीत, दार लावून, एकटीनं म्हटलेलं तिचं हे एकच गाणं उरलंय.

जुन्या टेपवर नुसती आई ऐकू यायची. बाबांनी मोठे स्पीकर आणले, तेव्हा दोन ओळींच्या मधला तिचा श्वासही ऐकू आला. आज त्यांनी त्याहून भारी स्पीकर जोडले, आणि तिच्या श्वासामागे आणखी एक श्वास ऐकू आला.

"बघ, कसं स्वच्छ वाजतंय!" बाबा म्हणाले.

"बाबा, तो आईचा नाही. आपला जुना टेप लावा ना."

"गप्प बैस. कान आहेत की नुसती भोकं?"

आई गाऊ लागली की बाबा आवाज कमी करत, ती थांबली की वाढवत. एका कडव्यानंतर स्पीकरमधून कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "पोरीला बाहेर काढ."

बाबांनी मानही वळवली नाही. "ऐकलंस ना? ऊठ."

छकुली उठली, खोलीबाहेर गेली आणि तिनं दाराला बाहेरून कडी घातली.