आरोपीचं नाव

माझ्या मुलाच्या, पुष्करच्या लग्नाच्या वरातीत मारामारी झाली, अन् माझे थोरले भाऊ दिवाकर रायपूरच्या जेलात गेले. त्यांची जमानत घ्यायला वनमालावहिनी घराचे कागद घेऊन कोर्टात उभ्या राहिल्या.

"आरोपी का नाम?" साहेबांनी विचारलं.

नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? वहिनींनी घराचे कागदच पुढे केले.

"नाम नहीं पता? किराए की जमानतदार लगती है।"

"वहिनी, घ्या ना नाव, नाहीतर दादा आतच राहते," मी म्हणालो.

वहिनींनी पदर सावरला. "पाटवडीच्या रश्श्यात कांदा घातला बारीक, दिवाकररावांना सोडा साहेब, नका देऊ तारीख."

अख्खं कोर्ट हसलं, साहेबसुद्धा. संध्याकाळी दादा घरी.



दादा यंदाच्या माघात गेले. मृत्यूच्या दाखल्यासाठी खिडकीवरच्या बाबूनं नाव विचारलं, अन् वहिनी पुन्हा पाटवडीपासून सुरू झाल्या.